एकच चित्र दोन फोल्डरांत: टर्मिनलवरून दुवा कसा जोडावा

बेळगाव-खानापूर भागात डीटीपी करणाऱ्याला पुष्कळदा एकाच लग्नाच्या दोन पत्रिका कराव्या लागतात, एक मराठीत आणि एक कानडीत. मजकूर निराळा असला तरी वरचा गणपती तोच असतो. त्या चित्राची प्रत दोन्ही फोल्डरांत ठेवली, की एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे हमखास राहून जाते. म्हणून मूळ चित्र एकाच जागी ठेवावे आणि इतरत्र त्याचा दुवा, म्हणजे लिंक, जोडावा.

लिनक्समध्ये हे काम एलएन ही कमांड करते. (येथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत द्याव्यात.) समजा 'लग्न' या फोल्डरात 'चित्रे', 'मराठी' आणि 'कानडी' असे तीन फोल्डर आहेत. सीडी कमांडने 'कानडी'मध्ये जाऊन पुढील ओळ द्यावी:

एलएन -एस ../चित्रे/गणपती.पीएनजी गणपती.पीएनजी

आधी मूळ फाइल, मग दुव्याचे नाव. '..' म्हणजे एक पायरी वरचा फोल्डर, येथे 'लग्न'. विंडोजच्या एमकेलिंकमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. आता फोल्डरातील फाइलींची यादी दाखवणारी एलएस -एल ही कमांड दिल्यास ओळीच्या आरंभी एल हे अक्षर आणि नावापुढे मूळ फाइलकडे जाणारा बाण दिसेल.

बहुतेकांची फसगत होते ती पत्त्यात. -एसने केलेल्या अशा दुव्याला सिम्बॉलिक दुवा म्हणतात. त्याच्या पोटात चित्र नसते, फक्त पत्ता असतो, आणि '/'ने सुरू न होणारा पत्ता कमांड देताना आपण जिथे होतो तिथून नव्हे, तर दुवा जिथे ठेवला आहे तिथून मोजला जातो. 'लग्न'मध्येच राहून एलएन -एस चित्रे/गणपती.पीएनजी कानडी/गणपती.पीएनजी असे दिले, तर दुवा निमूटपणे तयार होतो. उघडताना मात्र 'कानडी'च्या आत 'चित्रे' शोधले जाते आणि ते तिथे नसते. असा दुवा आरएमने काढून टाकावा, मूळ चित्राला धक्का लागत नाही. मग तीच कमांड -एसआर लावून द्यावी, म्हणजे योग्य पत्ता एलएन स्वतःच काढते.

-एस गाळले तर हार्ड लिंक होते, म्हणजे त्याच फाइलला दुसरे नाव मिळते. तेव्हा दोन्ही नावांचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवर फाइल ओळखण्याचा क्रमांक, एकच असतो आणि एक नाव पुसले तरी मजकूर शाबूत राहतो. मात्र ती फोल्डरची करता येत नाही, एका पार्टिशनवरून दुसऱ्यावर जात नाही, आणि काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुन्या नावावर बसवतात, तेव्हा ही जोड नकळत तुटते. म्हणून पत्रिकांसाठी मी ती वापरत नाही.

एफएटी ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर सिम्बॉलिक दुवा ठेवता येत नाही. एकदा कॉपी करताना आलेली एररची ओळ माझ्या नजरेतून सुटली आणि प्रेसमध्ये पत्रिका उघडली, तर गणपतीच्या जागी रिकामा चौकोन. तेव्हापासून मी कॉपी करायला सीपी -आरएल ही कमांड वापरतो, त्यातला एल कॅपिटल. त्याने दुव्याच्या जागी खरे चित्रच पेनड्राइव्हवर उतरते.