जुना रॅपर खरंच थकलाय का, हे ओळखायचं कसं

जुन्या रॅपरचा छोट्या खोलीतला लाईव्ह सेट नेटवर पडला रे पडला की चाहत्यांचे दोन तट ठरलेले. एक म्हणतो संपला हा, नुसता उभा राहून पुटपुटतोय, दुसरा म्हणतो तू जन्मला नव्हतास तेव्हापासून रॅप करतोय तो, गप बस. आणि दोघांनीही क्लिप बघितलेली असते दीड मिनिट, फोनच्या स्पीकरवर, जेवता जेवता. मी दोन्ही तटांत राहून आलोय त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही, पण एनर्जी आहे की नाही हे बघायची मला जमलेली एक पद्धत आहे ती सांगतो.

आधी खोली बघा, माणूस नंतर. टायनी डेस्क हा ऑनलाइन मैफलींचा शो घ्या, एनपीआर या अमेरिकन रेडिओच्या वॉशिंग्टनच्या ऑफिसात 2008 पासून चाललाय. स्टेज वगैरे काही नाही, पुस्तकांच्या कपाटापुढं टेबलामागं सगळा बॅण्ड दाटीवाटीनं उभा, आणि मुख्य गोष्ट म्हणजे तिथं सहसा गाणाऱ्याचा आवाज खोलीत स्पीकरवरून मोठा करत नाहीत. मग ड्रमरला हात आवरूनच वाजवावं लागतं, नाहीतर शब्द समोरच्यापर्यंत पोचायचेच नाहीत. आता ज्याने आयुष्यभर छातीत धडधडणाऱ्या बेसवर, हजारो लोकांच्या वरताण ओरडून शो केलेत त्याने इथं तसं ओरडायचं म्हटलं तर शेजारच्या टेबलावर भांडण लागल्यासारखं वाटेल. म्हणजे आवाज खाली आणणं हे तिथं काम आहे, थकवा नाही.

यावर लोक म्हणतात की हिप हॉप जन्मलंच छोट्या खोलीत. बरोबर आहे, 11 ऑगस्ट 1973 ला ब्रॉंक्समध्ये 1520 सेजविक अव्हेन्यूच्या रिक्रिएशन रूममध्ये डीजे कूल हर्कची पार्टी झाली, पण तिथं त्याची साउंड सिस्टीम होती आणि पोरं नाचत होती. ऑफिसात लोक हात बांधून उभे असतात हो.

आता हेडफोन लावा आणि एकच व्हर्स, म्हणजे रॅपचं एक कडवं निवडा, अख्खा सेट नको. सोळा बारची व्हर्स (एका बारमध्ये चार ठोके), बीट 90 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांचा असेल तर साधारण 43 सेकंदांत संपते, त्यामुळे तीनदा-चारदा ऐकायला काही जात नाही. पहिल्यांदा फक्त श्वास ऐका, कुठं घेतो ते. दुसऱ्यांदा ओळीचा शेवट ऐका. दम खरंच संपत आला असेल तर तो आधी तिथं दिसतो, शेवटचे दोन शब्द गिळले जातात, नाहीतर पुढची ओळ अर्धा बीट उशिरा सुरू होते आणि मग ती गाठायला तो घाई करतो. ओळीचा शेवट धड असेल, बीटवर बसत असेल तर आवाज कितीही हळू असला तरी तो माणूस ताब्यात आहे.

इथं एक घोळ सगळेच करतात, रेकॉर्डशी तुलना. स्टुडिओत ओळ तुकड्यातुकड्यात रेकॉर्ड करता येते, वर तोच आवाज परत एकदा चढवतात, त्यामुळे रेकॉर्डवर श्वास फारसा ऐकूच येत नाही. तुलना करायचीच तर त्याच माणसाच्या जुन्या लाईव्हशी करा. रॅपर रकीम 1987 च्या पहिल्या अल्बमपासूनच शांत बोलतो, लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा, ओळी तशाच फुंकल्यासारख्या टाकतो, त्याला आज लो एनर्जी म्हणणं म्हणजे काहीही. याउलट बस्टा ऱ्हाइम्सने स्वतःची ओळखच स्पीड आणि धिंगाण्यावर उभी केलीय, तो मंदावला तर विचारायचा हक्क आहे आपल्याला. आणि तरुण वयातली आठवण पण जपून वापरा, 1991 च्या एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्हीवरच्या लाईव्ह शोमध्ये रॅपर एलएल कूल जे तेवीस वर्षांचा होता, पेटला होता नुसता, पण अर्ध्या लोकांच्या लक्षात राहिलंय ते काखेतलं पांढरं डिओडरंट.

हाइप मॅनचं, म्हणजे मुख्य रॅपरला स्टेजवर साथ देणाऱ्याचं, वेगळं बघावं लागतं. ओळीचा शेवटचा शब्द त्याने उचलणं हे त्याचं कामच आहे, बस्टाबरोबर स्प्लिफ स्टार कित्येक वर्षं तेच करतोय. पण मुख्य माणूस दर दुसरी ओळ सोडून देत असेल, किंवा माइक तोंडापासून लांब गेला तरी आवाज तसाच येत असेल, तर मागं रेकॉर्ड केलेला आवाज चालू आहे आणि तिथं बिनधास्त टीका करा, लेजंड असला म्हणून काय झालं.

वयाचं कारण द्यायचं तर नेमकं द्या. फुप्फुसाची लवचिकता वयाबरोबर कमी होतेच. रॅपर स्कारफेसचं 2021 मध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालं आणि 2023 मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी तो टायनी डेस्कला आला, हे माहीत असलं की तो किती उड्या मारतो हे मोजायची इच्छाच राहत नाही, आवाजाचं वजन ऐकत बसतो आपण. त्याच वर्षी रॅपर जुव्हेनाइलने आधी सोशल मीडियावर या शोलाच उडवून लावलं, मग स्वतःच गेला, आणि लोकांनी हट्ट धरला म्हणून सगळ्यात गाजलेलं गाणं परत वाजवलं. तिथं समोरच्या लोकांकडे बघा, एनर्जी खोलीत कशी फिरते ते कळतं.

वाद घालताना 'वाइब नाही' असलं काही लिहू नका, टाइमस्टॅम्प द्या, अमुक मिनिटाला शब्द गिळलाय, बस. मी मध्यंतरी एका जुन्या रॅपरला धाप लागतेय म्हणून एका मित्राशी तीन दिवस भांडलो, मग मोजलं तर श्वास सगळे त्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या लाईव्हच्याच जागी निघाले, फक्त ड्रम हळू होते. गुपचूप माफी मागितली. पण त्याच मित्राच्या लाडक्या ग्रुपने दुसऱ्या व्हर्सचा अर्धा भाग हाइप मॅनच्या गळ्यात घातलाय, त्याचे टाइमस्टॅम्प मी पाठवलेत, ऐकतो म्हणाला, त्याला आता आठवडा झाला.