आधी पान उलटा

कोल्हापुरात उद्यमनगरात मी 34 वर्षं लेथ चालवला. जॉबवर, म्हणजे कापायच्या धातूच्या तुकड्यावर, रेघ उमटायला लागली की मालक ओरडायच्या आत आम्ही टूल काढून भिंगाखाली धरायचो. टोक उडालंय, कूलंट कमी पडतंय की मटेरियलच कडक आलंय, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. रिटायर होताना ते दहापट मोठं दाखवणारं भिंग तेवढं माझ्यासोबत घरी आलं. आता पाचगावातल्या घरामागच्या परड्यात फिरताना झाडांवरची कीड ओळखायला ते शर्टाच्या खिशात असतं. परडं म्हणजे तरी काय, एक कागदी लिंबू, दोन पेरू, एक आंब्याचं कलम, कढीपत्ता, शेवगा आणि आईनं लावलेली लाल जास्वंद.

भिंग असूनही पहिली चूक मी अगदी आडमुठ्यासारखी केली, ती आधी सांगतो. एप्रिलचे दिवस होते. जास्वंदीच्या शेंड्यांना पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखं दिसायला लागलं, कळ्या गळायला लागल्या. आई म्हणाली, "आरं, गणपतीला वाहायला एक फूल न्हाई." मेव्हण्याकडं ऊसावर मारून उरलेलं औषध होतं. ते आणलं आणि बादलीत अंदाजानं ओतून झाडाला आंघोळ घातली. दोन दिवसांत सगळं साफ. महिन्याभरात कापूस परत आला, तोही दुप्पट. पुन्हा औषध मारायच्या आधी या वेळी भिंग लावलं, आणि गेल्या खेपेला जमिनीवर मरून पडलेले मोठे पांढरे किडे आपल्याच बाजूचे असणार हे लक्षात आलं.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. लांबट, चपटा, गुलाबीसर अंगाचा, वर पिठासारखा मेणाचा थर. एका जागी बसून रस पितो, फार हलत नाही. त्यांच्यातच कधीकधी एक मोठा पांढरा किडा असतो, अंगभर मेणाच्या झिपऱ्या असलेला. हा बसत नाही, भराभरा चालतो. काडीनं डिवचलं तर पळ काढतो. ही क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. मुख्य खाणं पिठ्या ढेकूण. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा 1898 साली भारतात मुद्दाम आणला गेला. मोठा झाल्यावर काळ्या पाठीचा आणि तांबूस डोक्याचा होतो, मसुराच्या डाळीएवढा. बसलेला तो चोर आणि पळणारा तो पोलीस, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. मी पोलीसच मारून टाकले होते.

म्हणून आता क्रम ठरलेला आहे. झाड कोमेजलेलं दिसलं की प्रथम खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघायची. रांग असेल तर वर कुठंतरी रस पिणारी कीड आहे, हे जवळजवळ नक्की. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड झाडाचा गोड रस पितात आणि जादाचा चिकटा मागून सोडतात. मुंग्या तो चाटायला जातात. गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि लोक पेले घेऊन थांबतात ना, तसलाच प्रकार. म्हशीचा मालक जसा म्हशीला जपतो, तशा मुंग्याही माव्याला जपतात. मावा खाणारा ढालकिडा जवळ आला तर हाकलून लावतात. मग पान उलटायचं, कारण बहुतेक मंडळी पानाच्या पोटाला बसतात आणि आपण वरूनच बघत राहतो.

शेजारच्या काकींनी एकदा हाक मारली, "दादा, लिंबावर कुणीतरी करणी केलीया बघा, पानं काळी ठिक्कर पडल्यात." ती करणी म्हणजे त्याच चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी. बुरशी पानाला खात नाही, फक्त ऊन अडवते. त्यामुळं बुरशीचं औषध आणून उपयोग नाही, चिकटा सोडणारी कीड शोधायची. काकींच्या लिंबावर ती खवले होती, फांदीला तपकिरी फोड आल्यासारखी. नखानं खरवडलं तर ओलं लागलं, म्हणजे जिवंत. कोरडं होऊन उडालं असतं तर मेलेलं समजायचं. जुना दाताचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून त्या फांद्या घासून काढल्या. राहिलेल्या काळ्या पानांवर मैद्याची पातळ खळ फवारली, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम मैदा, शिजवून, गाळून, गार करून. आकाशकंदिलाला लावतो तीच, फक्त पातळ. कडक ऊन असलेला दिवस निवडायचा. खळ वाळून पापुद्रे सुटतात आणि काजळी त्यांच्याबरोबर निघून येते. काकींना अजूनही वाटतं मी काहीतरी उतरवलं.

मुंग्यांचा रस्ता बंद करायला माझ्याकडं ग्रीस होतंच. पण ते सालीवर थेट चोपडू नका, साल खराब होते. चार बोटं रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी खोडाला घट्ट बांधायची आणि ग्रीस तिच्यावर लावायचं. भिंतीला किंवा तारेला टेकलेली फांदी छाटायची, नाहीतर मुंग्या तिकडून जातात. पट्टीवर धूळ बसली की ग्रीस बदला आणि खोड जाड होतंय तशी पट्टी सैल करा.

कीड कोणती ते कळलं, की पहिलं हत्यार पाणी. पाइपच्या तोंडाला अंगठा धरून पानाच्या खालून जोराचा फवारा, सकाळी लवकर, सलग तीन-चार दिवस. कोवळ्या शेंड्यावरचा हिरवा-काळा मावा एवढ्यानंच जातो. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. ढगाळ हवा झाली की तो वाढतो, तेव्हा दोन दिवस जास्त लक्ष ठेवायचं. पिठ्या ढेकूण थोडाच असेल तर जखमेला लावायच्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक पुसून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण आमच्या आईनं ते मालिका बघता बघता कुंडीतल्या जास्वंदीवर केलंय.

त्यानंही भागलं नाही तर निंबोळी. माझी बहीण जतला असते, तिकडं कडुनिंब भरपूर. जूनमध्ये ती निंबोळ्या वाळवून ठेवते. 5 टक्के अर्काचं माप असं: 500 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून पिळून गाळायच्या आणि एकूण पाणी 10 लिटर करायचं. थोडा साधा साबण किसून घातला की द्रावण पानाला धरतं. निंबोळ्या नसतील तर कडुनिंबाचं तेल, लिटरला 5 मिली. इथं एक खुबी आहे. तेलात आधी साबणाचं पाणी घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत घोटायचं, मगच बाकीचं पाणी. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल, त्यानं पानं करपतात. फवारणी ऊन उतरल्यावर करा, उन्हात कडुनिंबाचा गुण लवकर उतरतो. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून 7-8 दिवसांनी पुन्हा एक हात. आणि आधी एकाच फांदीवर मारून दिवसभर थांबा.

लाल कोळ्याची गोष्ट वेगळी. त्याला आठ पाय, तो कीटकच नाही. मार्च ते मे, रस्त्याकडेच्या धुळकट झाडांवर जास्त. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके दिसले की पांढऱ्या कागदावर फांदी झटका. धूळ पडेल. त्यातला एखादा ठिपका चालायला लागला तर तो कोळी. पानं खालून धूत राहणं हाच यावर घरगुती इलाज.

पांढरी माशी ओळखायला भिंगही लागत नाही, फांदी हलवली की पांढरा धुरळा उडतो. पेरूच्या पानाखाली मेणाच्या गोल गोल रेघा दिसतात, कुणी घाईत रांगोळी काढल्यासारख्या. तशी पानं तोडून पिशवीत बंद करा आणि बाकीच्यांना निंबोळी.

लिंबाच्या पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, ते शीट नसून फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं की डोक्यातून शिंगं काढून घाणेरडा वास सोडते. रोपटं लहान असेल तर वेचून टाका, मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. नव्या पालवीवर नागमोडी चंदेरी रेघ असेल तर ती नागअळी. मोठ्या झाडावर मी तिच्या वाटेला जात नाही. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट मात्र दिवसा खोडावर घोळक्यानं बसतात आणि रात्री वर चढून झाड बोडकं करतात. दिवसा तो घोळका सापडतो, तेवढ्यात लांब दांड्याच्या ब्रशनं साबणाच्या बादलीत पाडायचे. हाताला लागले तर खाज सुटते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

पावसाळी पेरूत अळ्या निघतात त्या फळमाशीच्या. एकदा फळात अंडं गेलं की वरून काहीही मारून फायदा नाही. गळलेलं फळ त्याच दिवशी उचलून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात टाकायचं, कारण अळी फळातून निघून मातीत कोष करते. वासानं फळमाशी ओढणाऱ्या मिथिल युजेनॉलचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, त्यात फक्त नर अडकतात, अंडी घालणाऱ्या माद्या नाहीत. म्हणून जोड्या जमायच्या आत, फळ पिकायच्या बऱ्याच आधी टांगायला हवा.

तरीही बाटलीतलं औषध घ्यायचीच वेळ आली तर लेबलावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कढीपत्ता आपण रोज फोडणीत घालतो, त्याच्यावर मी यातलं काहीच मारत नाही.

औषधाची घाई मेव्हण्यालाही नडली होती, ती परड्यात नव्हे, शेतात. 2002 साली ऊसावर लोकरी मावा आला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात सगळे हवालदिल झाले होते. पानं पांढरी, खाली चिकटा आणि काजळी. त्यानं पंपावर पंप मारले, मावा हटेना. पुढं डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या तो मावा खातात हे कळलं. मग लोक अळ्या असलेली ऊसाची पानं एका फडातून तोडून दुसऱ्या फडात नेऊन ठेवायला लागले. मेव्हण्यानंही शेजारच्या फडातून अशी दोन पेंड्या पानं सायकलवरून आणली. आणि तोच गडी मला वीस वर्षांनी उरलेलं औषध देत होता!

यंदा जास्वंदीच्या सगळ्या फांद्या धुतल्या, कुंपणाकडची एक सोडून. तिच्यावर कापूस आहे आणि कापसात तीन झिपरे पोलीस फिरतायत. आई रोज विचारते, "ती येकच फांदी का ठेवलीस रं?" मी म्हणतो, "पाहुणे जेवायला बसलेत, उठवू नको."