बेटांच्या चलनावर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

"छोट्या बेट-देशाने कोणती चलनव्यवस्था निवडावी?" हा प्रश्न दिला की आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत बहुतेक पोरं एकच वाक्य लिहितात: चलन तरतं ठेवावं (म्हणजे दर बाजारावर सोडावा), ते घसरलं की निर्यात वाढते. अरे, पण वाढायला आधी माल पाहिजे ना बाप्पा! मालदीव मासे सोडून काय विकणार? तांदूळ, डिझेल, सिमेंट सगळं बाहेरून येतं आणि रिसॉर्टचं भाडं डॉलरमध्येच ठरतं. तिथलं चलन रुफिया घसरलं तर पाहुण्याला फरक पडत नाही, तांदूळ मात्र महागतो.

दुसरी चूक उलट्या बाजूची, आणि जास्त महागात पडणारी: दर स्थिर ठेवला की काम झालं असं समजणं. एका पोराचे वडील तूर घेऊन खरेदी केंद्रावर गेले. फलकावर हमीभाव ठळक लिहिलेला, पण बारदाना संपलेला. दोन दिवस गाडी उभी ठेवली, शेवटी बाहेर व्यापाऱ्याला कमी भावात दिली. स्थिर दराचंही असंच. केंद्रीय बँक डॉलर मोजून आपलंच चलन विकत घेते, तेव्हाच तो दर टिकतो. डॉलर संपले की दर फक्त फलकावर उरतो. सेशेल्स या बेट-देशाची गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, आटली आणि 2008 मध्ये कर्जाचा हप्ता चुकला. नोव्हेंबरात तिथला रुपया तरता सोडावा लागला. डॉलरला साधारण 8 असलेला दर काही महिन्यांत 16 च्या घरात गेला. मालदीवने एप्रिल 2011 मध्ये डॉलरला 12.80 चा दर सोडून पट्टा ठरवला, म्हणजे दर हलण्याची खालची-वरची मर्यादा. रुफिया लगेच 15.42 ला, पट्ट्याच्या टोकाला, जाऊन टेकला. ऑक्टोबर 2024 मध्ये मालदीवचा भारतीय रिझर्व्ह बँकेशी 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांचा स्वॅप (चलन-अदलाबदलीचा) करार झाला, तो याच गंगाजळीच्या काळजीपोटी.

मग पूर्व कॅरिबियन डॉलर, तिथल्या अनेक बेटांचं सामाईक चलन, 1976 पासून अमेरिकी डॉलरला 2.70 वर कसा टिकला? तिथल्या सामाईक केंद्रीय बँकेला आपल्या देण्यांच्या किमान 60 टक्के परकीय गंगाजळी ठेवावीच लागते. थोडक्यात, बारदाना आधी, फलक नंतर.

दर कोणाशी बांधायचा, हेही पोरं विसरतात. सगळे डॉलरच लिहितात. केप व्हर्देने युरो निवडला, कारण व्यापार आणि पर्यटक युरोपचे. फिजीने अनेक चलनांची टोपली घेतली.

दुसऱ्याचं चलन वापरणं म्हणजे गुलामी, असंही कोणी लिहितं. प्रशांत महासागरातल्या तुवालूची लोकसंख्या दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. ते ऑस्ट्रेलियन डॉलर वापरतात. स्वतःची व्यवस्था चालवण्याचा खर्चच परवडणार नाही. तोटा मात्र लिहा: नोटा छापण्याचा नफा जातो आणि अडचणीतल्या बँकेला हवा तेवढा पैसा पुरवता येत नाही.

तूरवाल्या पोराने परवा उत्तर पुन्हा लिहून आणलं. पहिलीच ओळ: "गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरते?"