यादी भागाची हद्द कशी आखावी: मुंबईसाठी नियम आणि रीत

आखायला बसण्याआधी तीन मर्यादा पक्क्या करा. यादी भाग, म्हणजे एका मतदान केंद्राला जोडलेला मतदार यादीचा तुकडा, विधानसभा मतदारसंघाची हद्द ओलांडत नाही. एका केंद्रावर १,२०० पेक्षा जास्त मतदार नकोत. पूर्वी १,५०० चालत, २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने आकडा खाली आणला. आणि केंद्र दोन किलोमीटरच्या आत हवं.

मुंबईत दोन किलोमीटरचं अंतर सहसा भरत नाही, खरी अडचण वाटेची असते. म्हणून रेल्वेचे रूळ, मिठी नदी, मोठे नाले आणि द्रुतगती मार्ग यांना हद्दच माना. प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. असा पूल बंद झाला की रुळांपलीकडची, नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारी शाळा म्हाताऱ्या माणसासाठी फार लांब पडते. अंतर सरळ रेषेत मोजू नका, पायवाटेनं मोजा.

मोजणीचं एकक म्हणजे इमारत. वरळीच्या बीडीडी चाळीत तळमजल्यासह चार मजले आणि मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. खोलीमागे तीन मतदार धरले तर चाळीचे २४० होतात. पाच चाळींत बरोबर १,२०० भरतात आणि मोह तिथेच होतो. नव्याने अठरा पूर्ण झालेल्यांची नोंद आता वर्षातून चार अर्हता दिनांकांना, म्हणजे वय मोजण्याच्या ठरलेल्या तारखांना, होते. दोन नावं वाढली तरी भाग फुटतो. चार चाळींवर, ९६० वर थांबा. टॉवरमध्ये मतदार मर्यादेबाहेर गेले तर विंगनुसार तोडा, मजल्यानुसार कधीच नको. एकच लिफ्ट वापरणारे शेजारी दोन केंद्रांवर गेले की मतदानाच्या सकाळी गोंधळ ठरलेलाच. आणि कुटुंब तर फोडायचंच नाही.

झोपडपट्टीत घर क्रमांक सलग नसतात, त्यामुळे गल्ली सांभाळा. रुंद रस्ता असेल तर हद्द मधोमध काढा. अरुंद गल्लीत मात्र समोरासमोरची दारं एकाच भागात ठेवून हद्द घरांच्या मागच्या भिंतीवरून न्या, कारण तिथला माणूस पत्ता गल्लीच्या नावानंच सांगतो. खुणा टिकणाऱ्या घ्या: समाजमंदिर, सार्वजनिक शौचालय, बालवाडी. टपरी उद्या हलते.

नकाशा क्यूजीआयएस या संगणक प्रणालीत करत असाल तर थर (लेयर) यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपात आणा, म्हणजे अंतरं मीटरमध्ये मिळतील. शेजारच्या भागांच्या रेषा स्नॅपिंग (रेषा एकमेकींना नेमक्या चिकटवणारी सोय) लावूनच जोडा आणि शेवटी फटी व आच्छादन तपासा. फटीत सापडलेली इमारत कुठल्याच भागात येत नाही. आच्छादनातली दोन्हीकडे येते आणि नावं दुबार होतात. प्रत्येक रेषेसोबत चतुःसीमा शब्दांतही लिहा. बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, नजरी नकाशाशी (जागा पाहून अंदाजाने काढलेल्या नकाशाशी) त्या ताडून पाहा, दोन्हींत फरक दिसला तर जागेवर जाऊन निर्णय घ्या.

आता प्रभागांचा थर वर टाका. महापालिकेच्या निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी २२७ प्रभागांत विभागली जाते. यादी भाग प्रभागाच्या रेषेवर बसला असेल तर त्यातली नावं इमारत पाहून वेगळी करावी लागतात, आणि एकाच सोसायटीतली माणसं चुकीच्या प्रभागात जातात ती इथेच. शक्य तिथे भाग पूर्णपणे एका प्रभागात बसवा. त्यासाठी मतदार ७०० वर आले तरी हरकत नाही.

केंद्राची जागा तळमजल्यावरची हवी आणि २०० मीटरच्या आत पक्ष कार्यालय नको. प्रारूप यादी हरकतींसाठी लावाल तेव्हा नुसते भाग क्रमांक लावू नका; इमारतींची नावं आणि नकाशाही लावा. क्रमांक पाहून कोणी हरकत घेत नाही. आपल्या चाळीचं नाव दिसलं नाही की लोक लगेच विचारायला येतात, आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडून प्रस्ताव आयोगाच्या मंजुरीला जाण्याआधी चूक सुधारायला तेवढाच वेळ असतो.