अमेरिकेतल्या विद्यापीठाचा सक्तीचा आरोग्य विमा: या चुका टाळा

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. रविवारी रात्री राजारामपुरीत दादाच्या घरी तांबडा-पांढरा रंगात आला होता, तेवढ्यात पुतणीचा अमेरिकेहून फोन आला. "काका, फीच्या बिलात हेल्थ इन्शुरन्सचे अडीच हजार डॉलर लागलेत." दादाचा घास हातातच राहिला. जूनमध्येच ओळखीच्या एजंटाकडून आम्ही तिची वर्षाची पॉलिसी काढली होती, कागद लॅमिनेट करून बॅगेतही घातला होता. मग हे पैसे कसले?

पुढचे दहा दिवस आम्ही नुसता संताप केला. "हा तर दिवसाढवळ्या दरोडा!" वगैरे. राग खोटा नव्हता, पण त्याच दहा दिवसांत सूट मागायची मुदत उलटून गेली.

पॉलिसी आधी, नियम नंतर

आमची सगळ्यात महाग चूक ही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला विम्याची सक्ती अमेरिकी सरकार करत नाही, ती विद्यापीठ करतं आणि प्रत्येकाचे निकष वेगळे. (जे-१ या एक्स्चेंज कार्यक्रमाच्या व्हिसाला मात्र सरकारचीच अट आहे: दर आजारामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण.) त्यामुळं "व्हिसाला चालणारी पॉलिसी" असं एजंट सांगू लागला, तर एफ-१ वाल्यानं ते कानाआड करावं.

बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश झाला की नाव आपोआप त्यांच्या विम्यात चढतं. आपला विमा त्यांच्या निकषांत बसतो हे दाखवून 'वेव्हर' म्हणजे सूट मंजूर करून घेतला, तरच रक्कम बिलातून उतरते. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना वेव्हर मिळतच नाही. तिथं इथून घेतलेली पॉलिसी म्हणजे पंचगंगेत सोडलेले पैसे.

आमची पॉलिसी मुळात प्रवासी विमा होती. जुने आजार वगळलेले, मानसिक आरोग्याचं नावही नाही, शस्त्रक्रियेपासून खोलीच्या भाड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळी मर्यादा आणि क्लेम बघणारं ऑफिस भारतात. विद्यापीठं नेमक्या याच गोष्टी तपासतात. विम्याची एकूण रक्कम मोठी दिसली म्हणून आम्ही खूश होतो!

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाकडून येणारा प्रवेशाचा फॉर्म, हातात आला की विद्यापीठाला मेल टाका: परदेशी विद्यार्थ्याला वेव्हर मिळतो का, आणि भारतीय कंपनीची पॉलिसी चालते का? लेखी उत्तर येईपर्यंत एजंटाला चहा पाजा, चेक देऊ नका. उत्तर 'हो' आलं, तर निकषांची यादी त्याच्यापुढं ठेवा आणि एकेका कलमावर लेखी होकार घ्या. तो टाळाटाळ करू लागला की समजायचं.

मुदत त्यांच्या घड्याळानं

वेव्हरची मुदत बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच संपते. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथली रात्रीची ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळची ९:२९. शिवाय एकदा वेव्हर मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असं नाही. तो दर वर्षी, कुठं कुठं दर सत्राला नव्यानं मागावा लागतो.

आणि रागाच्या भरात विम्याची रक्कम वगळून उरलेली फी भरू नका. दादा तेच करायला निघाला होता. थकबाकी दिसली की लेट फी लागते, पुढची नोंदणीही अडू शकते.

बिलात 'हेल्थ फी' नावाची आणखी एक ओळ असेल. ती कॅम्पसवरच्या दवाखान्याची, विम्याची नव्हे. वेव्हर मिळाला तरी ती सहसा भरावीच लागते. तिच्यासाठी भांडण्यात आमचे दोन फोन फुकट गेले. उलट जे विचारायला हवं होतं ते राहिलंच: टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं काम) मिळाली, तर काही विद्यापीठं विम्याचा हप्ता अंशतः किंवा पूर्ण भरतात.

वेव्हर मिळत नसेल, तर विम्याचा खर्च पहिल्यापासून शैक्षणिक कर्जात धरा. आय-२० वरच्या खर्चाच्या अंदाजात तो बऱ्याचदा असतो, आपणच वरवर बघतो.

राहिले दात आणि डोळे. विद्यार्थ्यांच्या विम्यात मोठ्या माणसांचे दात आणि चष्मा बहुतेक वेळा येत नाहीत, आले तर वेगळ्या हप्त्यानं. जाण्याआधी इथंच दातांची तपासणी करून घ्या, चष्मे दोन करा. आम्ही हेही केलं नाही. पुतणी डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतेय ती अक्कलदाढ काढायला.