समुद्रतळाखालच्या गाळाचे खरे तापमान कसे काढावे

जॉयडीस रिझोल्यूशन (२०२४ पर्यंत वैज्ञानिक मोहिमांवर असलेले छिद्रण जहाज) यासारख्या जहाजावरून समुद्रतळाच्या मऊ गाळात पिस्टन कोअरर, म्हणजे गाळाचा अखंड नमुना (गाभा) घेणारी नळी, डागला जातो. त्याच्या टोकाच्या कटिंग शूमध्ये, म्हणजे गाळ कापणाऱ्या धातूच्या कड्यात, एपीसीटी-३ हे तापमान मोजणारे उपकरण बसवलेले असते: एक थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा संवेदक), एक लॉगर (वाचने साठवणारा नोंदक) आणि बॅटरी. सुमारे साडेनऊ मीटरची नळी क्षणार्धात गाळात घुसते, तेव्हा घर्षणाने शू तापतो. ही उष्णता पूर्ण निवायला तास लागतील, पण नळी आत ठेवता येते जेमतेम दहा मिनिटे. त्याहून जास्त थांबले तर नळी गाळात अडकण्याची भीती असते. म्हणून नोंदीतला कोणताच आकडा गाळाचे तापमान नसतो. ते निवण्याच्या वक्राशी गणिती प्रतिमान जुळवून काढावे लागते; यालाच पुढे जुळणी म्हटले आहे.

आधी कच्ची नोंद तपासा. उपकरणाचा क्रमांक आणि रोधाचे तापमानात रूपांतर करणारे गुणांक एकाच थर्मिस्टरचे आहेत ना, हे पाहा. मग संपूर्ण आलेख काढा. त्यावर क्रमाने दिसायला हवे: खाली जाताना उतरणारे तापमान, समुद्रतळाजवळ मुद्दाम पाच-एक मिनिटे थांबल्याचा सपाट भाग, घुसल्याची उसळी, निवण्याचा वक्र आणि नळी उपसतानाची दुसरी उसळी. एकाच छिद्रातल्या सगळ्या फेऱ्यांचे (नळी डागून केलेल्या प्रत्येक मोजणीचे) सपाट भाग एकमेकांशी ताडून पाहा. पाइपातले पाणी तळाच्या पाण्यापेक्षा किंचित उबदार असू शकते, म्हणून सर्वांत कमी स्थिर वाचन तळाचे तापमान म्हणून घ्यावे. एखादी फेरी कायम तेवढ्याच फरकाने वेगळी पडत असेल, तर दोष उपकरणाच्या अंशांकनात शोधा.

आता सर्वांत नाजूक काम. नळी नेमकी कधी घुसली तो क्षण निवडा. उसळीचे शिखर घेऊ नका. चढ जिथे सुरू होतो ते वाचन घ्या. पहिली साठेक सेकंदे जुळणीतून वगळा, कारण त्या काळात शूच्या धातूतली उष्णता सारखी पसरलेली नसते आणि साधे प्रतिमान तिथे लागू पडत नाही. जुळणीसाठी घेतलेल्या भागाचा, म्हणजे खिडकीचा, शेवट उपसण्याच्या उसळीच्या बराच आधी ठेवा.

बराच वेळ गेल्यावर उरलेली उष्णता साधारण १/वेळ या प्रमाणात घटते. यावरून हाताने पडताळा घेता येतो. समजा घुसल्यानंतर ३०० सेकंदांनी ९.२० अंश आणि ६०० सेकंदांनी ८.६० अंश दिसले. वेळ दुप्पट झाली म्हणजे उरलेली उष्णता निम्मी झाली, घट ०.६० अंशांची, म्हणजे अजून ०.६० अंश बाकी. गाळाचे तापमान ८.० अंश. शेवटचे वाचन तसेच उचलले असते तर अर्ध्याहून अधिक अंशाची चूक पदरात पडली असती.

प्रत्यक्षात टीपी-फिट या मॅटलॅबमधल्या प्रणालीने जुळणी करतात. ती उपकरणाच्या भूमितीसाठी आधीच काढलेले निवण्याचे वक्र वापरते. तिला गाळाची उष्मावाहकता आणि घनफळानुसार उष्माधारकता द्यावी लागते. मऊ सागरी गाळात वाहकता बहुधा ०.८ ते १.४ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. त्याच गाभ्यावर सुई-प्रोबने (गाळात खुपसून वाहकता मोजणाऱ्या सुईने) मोजलेली किंमत वापरा, अंदाजाची नको. वाहकता जास्त धरली तर उत्तर थोडे वर सरकते, कमी धरली तर खाली. म्हणून ती ०.१ ने वर-खाली करून पुन्हा जुळणी करा आणि उत्तरात पडणारा फरक त्रुटीच्या आकड्यात धरा. नुसती जुळणीची सांख्यिकी त्रुटी लिहिणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणे.

प्रत्येक जुळणीचा अवशेष आलेख, म्हणजे वाचने आणि जुळवलेला वक्र यांतल्या फरकाचा आलेख, बघाच. त्यात लाट किंवा कल दिसला तर खिडकी बदला. प्रणालीने सुचवलेला वेळेचा सरक (निवडलेला घुसण्याचा क्षण किती पुढे-मागे करावा तो फरक) मिनिटाच्या घरात गेला, तर घुसण्याचा क्षण पुन्हा तपासा.

बिघाड ओळखता आले पाहिजेत. निवताना मधेच छोटी उसळी आली तर लाटांमुळे नळी गाळात हलली आणि नवे घर्षण झाले. अशा वेळी त्या उसळीआधीचाच भाग घ्या. तो दोन-तीन मिनिटांचाच असेल तर ती फेरी सोडा. वक्र फार झपाट्याने तळाच्या पाण्याच्या तापमानाकडे गेला तर गाळाला तडा जाऊन समुद्राचे पाणी आत शिरले आहे. हे वाचन कितीही नितळ दिसले तरी बाद. पिस्टन पूर्ण सरकला नसेल तर खोलीच संशयास्पद. खोली धरताना गाभ्याची हाती आलेली लांबी घेऊ नका, गाळ वर आल्यावर फुगतो. गाभ्याच्या माथ्याच्या खोलीत नळीची प्रत्यक्ष आगेकूच मिळवा, कारण थर्मिस्टर नळीच्या तळाशी असतो.

उष्माप्रवाह, म्हणजे तळातून वर येणारी उष्णता, काढण्यासाठी वाहकता प्रयोगशाळेतून जागेवरच्या परिस्थितीत आणावी लागते: पाण्याच्या दर १,८२९ मीटर खोलीमागे सुमारे १ टक्का वाढ, तापमानात दर ४ अंश घटीमागे १ टक्का घट. २०१५ च्या आयओडीपी या आंतरराष्ट्रीय महासागर छिद्रण कार्यक्रमाच्या मोहीम ३५५ मध्ये अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात यू१४५६ हे ठिकाण सुमारे ३,६४० मीटर पाण्याखाली होते. तिथे तळाशी २ अंश आणि प्रयोगशाळेत २० अंश धरले तर दाबाचे अधिक २ टक्के आणि थंडीचे उणे ४.५, निव्वळ घट अडीच टक्के.

यानंतर तापमान खोलीऐवजी साचत जाणाऱ्या औष्णिक रोधासमोर मांडा, म्हणजे प्रत्येक थराची जाडी भागिले वाहकता यांची बेरीज. त्या रेषेचा चढ म्हणजेच उष्माप्रवाह. ३० मीटरचे तीन थर, वाहकता ०.९, १.० आणि १.१, तर बेरीज ९०.६. तेवढ्यात तापमान ४.५ अंशांनी वाढले तर प्रवाह ४.५ भागिले ९०.६, म्हणजे सुमारे ५० मिलिवॅट प्रति चौरस मीटर. किमान तीन-चार चांगले बिंदू हवेत, आणि तळाच्या पाण्याचे तापमान हा त्यातला एक बिंदू धरताना रेषा जबरदस्तीने त्यातून ओढू नका. बिंदू सरळ रेषेत येत नसतील तर पाण्याचे वहन किंवा झपाट्याने साचलेला गाळ हे कारण असू शकते. सिंधूच्या पंख्यासारख्या (सिंधू नदीने समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या) प्रदेशात दुसऱ्या शक्यतेचा विचार करावाच लागतो, कारण नव्या थंड गाळामुळे पृष्ठभागाजवळ मोजलेला प्रवाह कमी भरतो.

अहवालात प्रत्येक बिंदूसोबत निवडलेला क्षण, खिडकीची सुरुवात-शेवट, वापरलेली वाहकता आणि बाद केलेल्या फेऱ्यांची कारणे द्या, म्हणजे दुसऱ्याला तीच जुळणी पुन्हा करून पाहता येईल.