ब्लॅकमेल म्हणजे नेमकं काय, आणि इंग्रजी वाक्यात तो शब्द कसा वापरायचा

ब्लॅकमेलचा अर्थ विचारला की बरेच जण "धमकी" म्हणून मोकळे होतात, पण नुसती धमकी म्हणजे ब्लॅकमेल नव्हे. "पैसे दे नाहीतर हात तोडीन" ही सरळसरळ खंडणी, इंग्रजीत एक्स्टॉर्शन. ब्लॅकमेलमध्ये हात तोडायची गरजच पडत नाही कारण तुमची शेंडी आधीच समोरच्याच्या हातात असते, एखादा फोटो, चॅट, जुनं लफडं, आणि तो म्हणतो पैसे दे नाहीतर हे घरी दाखवतो. गुपित हवं, ते फोडायची धमकी हवी आणि बदल्यात काहीतरी मागणी हवी. मागणी पैशाचीच असते असंही नाही, "गप्प बस" किंवा "इथे सही कर" एवढीही चालते. आणि गुपित शंभर टक्के खरं असलं तरी ते ब्लॅकमेलच बरं का, इथे खूप जण फसतात.

यातल्या मेलचा डाकेशी काही संबंध नाही. स्कॉट्स भाषेत मेल म्हणजे खंड, भाडं. 16व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून हप्ता घ्यायच्या, दिला तर गुरं सुरक्षित, त्या हप्त्याला ब्लॅकमेल म्हणायचे. म्हणजे मुळात ती आपली खंडणीच, गुपिताचा अर्थ बराच नंतर चिकटला.

आता वाक्यात बसवताना. मराठीत आपण "मला ब्लॅकमेल केलं" म्हणतो म्हणून लोक "ही डिड ब्लॅकमेल टू मी" लिहितात, ते चूक. ब्लॅकमेल स्वतःच क्रियापद आहे, डिड नको आणि टू पण नको, "ही ब्लॅकमेल्ड मी" बास. धमकीने काय करायला लावलं ते सांगायचं तर इनटू लावून पुढच्या क्रियापदाला आयएनजी जोडायचं: "शी ब्लॅकमेल्ड हिम इनटू रिझाइनिंग", तिने त्याची नस दाबून राजीनामा द्यायला लावला. नाम म्हणून "दिस इज ब्लॅकमेल", मध्ये "अ" घालू नका. करणारा तो ब्लॅकमेलर.

इमोशनल ब्लॅकमेल मात्र वेगळं, तिथे गुपित लागतच नाही. "तू गेलास तर मी जेवणारच नाही" हे त्यातलंच, समोरच्याला अपराधी वाटायला लावलं की काम झालं. बोलताना बिनधास्त वापरा, पण तक्रार अर्ज लिहिताना नुसतं "ब्लॅकमेल करतोय" लिहून थांबू नका, काय उघड करीन म्हणाला आणि बदल्यात काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा.